राघूसाठी अंथरलेली रुई

भिकाजी दलाल रोज सकाळी शिडीवर चढून, दोन्ही हात फडफडवत, रुईच्या ढिगात उडी मारायचे. डोक्याला पागोटं, अंगात बाराबंदी, वय पन्नाशीच्या पुढे. शिडीच्या वरच्या पायरीवर पोपटाचं एक पिल्लू बसून हा सगळा प्रकार बघायचं आणि जागचं हलायचं नाही.

मी त्यांचा शेजारी, माळी माणूस. भाजीची पाटी घेऊन निघालो की हा तमाशा दारातून दिसायचाच. एकदा न राहवून विचारलं, की भाऊ, हे चाललंय तरी काय? तर म्हणाले, "त्याले मायबाप नाई ना बाप्पा. उडाचं कसं, थे कोन दाखवन?"

पिल्लू फाल्गुनातल्या वावटळीत निंबाच्या ढोलीतून पडलं होतं. भाऊंनी ते उचललं आणि भिजवलेली चण्याची डाळ बोटानं भरवून वाढवलं. पंख छाटा, असा सल्ला सगळ्या गल्लीनं दिला. त्यांनी ऐकला नाही. निदान बोलायला तरी शिकवा म्हटलं, तर उत्तर तयार. "बोलनारे बजारात लय हायत."

तेही काही खोटं नव्हतं. दूरदेशी कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या अमरावतीत कापसाचं सोनं झालं. कालपर्यंत ताक मागायला येणारे लोक आता गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवून घेत होते. एकानं तर बैलांना अत्तर चोळलं. बिचारे दिवसभर शिंकत होते. आणि अशा दिवसांत गल्लीतली सर्वांत उंची रुई भाऊंच्या पुढच्या खोलीत पोपटाची गादी म्हणून पसरलेली! स्वतःच्या वावरातली, सरकी काढलेली, हातानं पिंजलेली.

व्यापारी रोज दारात. दलालीचा रिवाज असा, की भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हात धरून बोटं दाबून सांगायचा. दुसऱ्यांचे सौदे भाऊ असे चुटकीसरशी जमवायचे. स्वतःच्या रुईचं निघालं, की रुमालाखाली मूठ आवळून बसायचे. राघू उडेपर्यंत रुई हलणार नाही, पडला तर त्याला लागेल, असं वर तोंडानं सांगायचे. बायको पटकीत गेली, मूलबाळ नाही, म्हणून याचं डोकं फिरलं, असं बाजारानं ठरवून टाकलं. मीही कानीकपाळी ओरडलो, की असा भाव पुन्हा दिसायचा नाही, विकून मोकळे व्हा. ते आपले रुई पिंजत राहिले.

वैशाखात मुंबईहून बातमी आली, की लढाई संपली. दुपारपर्यंत भाव असा कोसळला, की चांदीच्या धावेवाले ओट्यांवर मटकन बसले. मी धावत भाऊंकडे गेलो. ते दारात उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आता तरी उमजलं. धीर द्यायला मी तोंड उघडणार, तर म्हणाले, "उडाला, गनपत! शिडीवरून निंघाला तो सीधा खिडकीतून भाईर. एकडाव बी पडला नाई."

ती रुई पुढं मातीमोल गेली. त्याचं त्यांना सुखदुःख नव्हतं. पण राघूही परत आला नाही. भाऊ खिडकीत डाळीची वाटी ठेवायचे, ती चिमण्या संपवायच्या. बाजारात कुणी खवचटपणे विचारलं तर छाती काढून सांगायचे, की आपलं पोरगं आता उडतं. घरी मात्र त्यांना बोलायला कुणी उरलं नाही.

हिवाळ्यात माझ्या पेरूंवर पोपटांचे थवे उतरले. मी शिव्या घालत बांधावर गोफण फिरवत होतो. भाऊ कधी मागं येऊन उभे राहिले, कळलंच नाही. बराच वेळ ते झाडाकडे बघत होते. एकेका पोपटावर नजर थांबायची, पुढं सरकायची. मग त्यांनी हळूच माझा हात धरला.

"गोटा नको मारू, गनपत. त्याच्यातला आपला कोनता, मले वळखू येत नाई."

मी गोफण खाली ठेवली. आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो, आणि पोपट निवांत पेरू खात होते.