गोजराबाईंनी विडा न उचलल्याची बखर

श्री. आधी वंदन त्या गणरायास, जो मातीचा होऊन अंगठ्याखाली निमूट बसतो आणि डोळे लिहिले की देव होतो. मग वंदन शारदेस. आणि मग ऐकणारांस विनंती, की हकीकत थोडी आहे, पान लावून बसावे. शके १९४५, शोभननाम संवत्सर, कार्तिक शुद्ध दशमी, ते दिवशी अमुक एका राज्यात, ज्याचे नाव घेतल्यास तेथील लोक रागावतात सबब घेत नाही, भागोजी चितारी यांचा बाहुल्यांचा चित्रपट सिद्ध जाहला. तो कैसा, तर लाकडाची बाहुली, वीतभर, अंगास लुगडे, सांध्यांस तार; तिचा हात ज्वारीच्या दाण्याइतका सरकवावा आणि छबी काढावी, पुन्हा दाणाभर सरकवावा आणि पुन्हा काढावी, आणि त्या छब्या भराभर दाखविल्या म्हणजे बाहुली आपणहून चालते ऐसे दिसते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खपावे तेव्हा ती एकदा मान वळवून पाहते. सूर्यनारायण कोणासाठी थांबत नाहीत आणि सावल्या हलवितात, म्हणून खिडक्यांस गोधड्या ठोकून भरदिवसा दिव्याच्या उजेडी काम चाले. समई ठेवून पाहिली तर बाहुली मेल्यासारखी दिसे. मग भागोजींच्या कुटुंबाने, गोजराबाईंनी, दिवा हाती धरिला. एक दिवस धरते म्हणाल्या आणि आठ वर्षे धरिला.

चित्रातली गोष्ट ऐसी, की एक शिलेदार मोहिमेवर जातो आणि त्याची बायको दिवा घेऊन बारा वर्षे दारात उभी राहते, आणि तो परततो तेव्हा दिवा तैसाच तेवत असतो. बाहुलीचा चेहरा भागोजींनी गोजराबाईंवरूनच घेतला होता, हनुवटीवरच्या गोंदणासुद्धा. दरबारी चित्र दाखविले आणि सारे रडले. दिवाण नरसोपंत यांची दोन उपरणी भिजली आणि तिसरे त्यांनी शेजाऱ्याचे ओढून घेतले. ज्यांनी पाहिले ते वाखाणू लागले, आणि ज्यांस बसावयास जागा मिळाली नव्हती ते त्याहून अधिक वाखाणू लागले. एकट्या गोजराबाईंच्या डोळ्यांस पाणी आले नाही. दूध उतू गेले म्हणजे जीव चरकतो तैसा त्यांचा चरकला, की अगबाई, हे तर आपल्यास आवडले नाही. सारे राज्य चांगले म्हणते त्या अर्थी खोट आपल्यातच असेल ऐसे समजून त्या दुसऱ्याने पाहावयास गेल्या, मग तिसऱ्याने गेल्या, आणि दर वेळी कोरड्या डोळ्यांनी परत आल्या. मन काय, सांगून थोडेच ऐकते.

आता त्या राज्यात एक शिरस्ता होता. कारागिरास शेला आणि किताब द्यावयाचा तर शेवटचा विडा त्याच्या घरच्या माणसाने उचलावा, कारण बाहेरचे लोक काम पुढून पाहतात आणि घरचे पाठीमागून. विडा उचलला नाही तर शेला जामदारखान्यात परत जाई. भागोजींस त्या शेल्याची फार आस होती. शेल्याच्या दरबाराच्या आदल्या दिवशी दुपारी पानावर बसले असता ते म्हणाले, "उद्या विडा तुझ्या हातचा. आठ वर्षांत मी दुसरे काही मागितले नाही गं." गोजराबाई म्हणाल्या, "इकडून आधी जेवण व्हावे, भात निवतो आहे." आणि भागोजींच्या मिशीस तूप लागले होते आणि तोंड पोरासारखे उजळले होते, ते पाहून बाईंस खरे बोलवेना, आणि खोटेही बोलवेना. मग त्यांनी आणखी भात वाढला.

दुसरे दिवशी दरबार भरला. भागोजी शेल्यापाशी उभे राहिले आणि तबक बाईंपुढे आले. बाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. दिवाणजी म्हणाले, "बाई, विडा." मग बाई हळू बोलल्या, "महाराज, चित्र सुरेख आहे. माझ्या मनास आले नाही." चवरी ढाळणाऱ्याचा हात जागीच राहिला. दिवाणजी म्हणाले, "अहो बाई, सारे राज्य रडले." बाई म्हणाल्या, "रडले खरे. मी तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा मला तिचा राग आला." भागोजींचा चेहरा उतरला. ते तिथूनच म्हणाले, "कशाचा गं?" आणि बाई महाराजांस विसरून घरच्यासारख्या बोलू लागल्या, की "इकडच्या हातास जोड नाही, हे मी दिवा धरून पाहिले आहे. पण ती बाई बारा वर्षे उभी राहते आणि तिचा हात एकदा भरून येत नाही. दिवा ह्या हातातून त्या हातात घेत नाही, कंटाळत नाही, मेली जांभईसुद्धा देत नाही. तोंड माझे आहे आणि मी त्यात कुठेच नाही. मी होते ना तिथे? आठ वर्षे?"

भागोजी म्हणाले, "होतीस. मीच तुला काढून टाकले." कारण ऐसे, की बाईंचा हात थकून कापे तेव्हा उजेड हाले, आणि ज्या छबीत उजेड हालला ती भागोजी रद्द करीत. मात्र जाळवत नव्हत्या म्हणून पेटीत टाकीत. आता महाराजांची आज्ञा घेऊन त्यांनी पेटी आणविली आणि त्या छब्या हातास येतील तैशा जोडून दाखविल्या. विडा चघळून होईल एवढाच वेळ चालल्या. त्यात उजेड थरथरत होता आणि भिंतीवर दिवा धरणारीची सावली डुलत होती, आणि एकदा हिरव्या चुड्याचा हात मधेच आला आणि बाहुलीचा पदर सारखा करून गेला, आणि एकदा कडेस बाईंची जांभई सापडली, दातांसकट. नरसोपंत शेजाऱ्यास हळूच पुसते जाहले, की यात गोष्ट कोणती. कोणी रडले नाही. भागोजी मात्र ढसढसा रडले, आणि जवळ काही नव्हते म्हणून शेल्यानेच डोळे आणि नाक पुसते जाहले. मग गोजराबाई उठल्या आणि विडा उचलला आणि अर्धा मोडून त्यांस दिला. नाक पुसलेला शेला जामदारखान्यात घेत नाहीत, सबब महाराजांनी तो भागोजींच्या खांद्यावर टाकिला आणि किताबाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

तात्पर्य इतकेच, की पहिले चित्र त्या राज्यात अजून दाखवितात आणि लोक अजून रडतात. भागोजींनी दुसरे काम आरंभिले आहे आणि उजेड हालला म्हणून छबी टाकीत नाहीत. काम चालू असता पहिल्या चित्राचा विषय निघाला की दिवा धरलेल्या गोजराबाई आजही म्हणतात, "मला नाही बाई आवडले." भागोजी म्हणतात, "ठाऊक आहे. हात भरून आला असेल तुझा, दे इकडे," आणि दिवा आपल्या हाती घेतात.