हंसाने प्रोग्राम आवरला

एका जंगलात तळ्याचं पाणी सोडायचं दार कॉम्प्युटर उघडायचा. हसू नका. तुमची लिफ्ट चालते ना, तसंच.

त्याचा प्रोग्राम घोरपडीने लिहिला होता. पंधरा वर्षं, जमेल तसा, वेडावाकडा. पण बाई शहाणी. ओळींच्या मध्ये ती टिपा लिहून ठेवायची. एक ओळ होती, 'वैशाखात दार अर्धंच उघड.' तिच्या डोक्यावर टीप होती, 'या ओळीला हात लावू नका. खाली वाळूत टिटवी अंडी घालते.'

पुढे घोरपड निवृत्त झाली आणि मोर साहेब झाला. साहेबांना तो प्रोग्राम बघवेना.

"काय हा अवतार. सगळा नीटनेटका करून घ्या."

या कामासाठी दोघं आले, मुंगी आणि हंस.

मुंगी म्हणाली, "मी एकेक अक्षर उचलून जागेवर ठेवते. टिपासुद्धा. पण वेळ लागतो."

हंस म्हणाला, "मी अख्खा प्रोग्राम पिऊन टाकतो. दूध तेवढं ठेवतो, पाणी सोडतो. मग नव्याने सुंदर लिहून देतो."

मोराने परीक्षा घेतली. त्यासाठी स्वतः दहा ओळी लिहिल्या. त्यात टीप एकही नव्हती. साहेब लोक कुठे टिपा लिहितात? मुंगीला अख्खी सकाळ पुरली नाही. हंसाने चहा होईपर्यंत काम हातात दिलं.

मागे बसलेली टिटवी म्हणाली, "साहेब, खऱ्या प्रोग्रामात टिपा आहेत हो. त्यांचं काय?"

"कॉम्प्युटर टिपा वाचतो का?" हंसाने विचारलं.

"नाही."

"मग ते पाणीच, बाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हंसाने काम मात्र देखणं केलं, खोटं कशाला बोलू. तपासून पाहिलं तर दार पूर्वीसारखंच उघडत होतं. मोराने जुनी प्रत फाडून टाकली.

वैशाख आला. पाणी कमी येतं म्हणून रानडुकरांनी तक्रार केली. मोराने प्रोग्राम उघडला.

"वैशाखात अर्धंच? का बुवा?"

"का ते माझ्याकडे नसतं," हंस म्हणाला. "काय, तेवढं असतं."

मोराने ओळ उडवली. दार पूर्ण उघडलं. टिटवीची चारही अंडी वाहून गेली.

टिटवीला रडू आवरेना. मलाही वाईट वाटलं, सांगून ठेवतो. रीतसर चौकशी बसली आणि घोरपडीला बोलावणं गेलं.

"एवढी महत्त्वाची गोष्ट लिहून का ठेवली नाहीत?" मोराने विचारलं.

"लिहिली होती, साहेब."

"दाखवा."

घोरपडीने प्रोग्राम वरपासून खालपर्यंत तीनदा पाहिला. निष्काळजीपणाबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली. हंसाला पलीकडच्या जंगलाने मानाने बोलावून नेलं.

तात्पर्य: मुलांनो, कारण कधीही लिहून ठेवू नये. न लिहिल्याचा ठपका बसायचा तो बसतोच, निदान हात तरी दुखत नाहीत.