दोन अध्यक्ष, दोन बाकडी आणि एक टँकर

प्रज्ञेशनं सोसायटीच्या गेटपाशी सिमेंटचं बाकडं ठेवलं आणि समोरच्या फ्लॅटमधल्या अरफातची झोप उडाली.

आता बाकड्यात झोप उडण्यासारखं काय आहे? काही नाही. पण त्याच्या कडेवर लाल रंगात ठळक लिहिलेलं होतं, 'सहवास मित्र मंडळाच्या सौजन्याने. अध्यक्ष : प्रज्ञेश गायकवाड.' आणि त्याहून वाईट म्हणजे अरफातची सख्खी अम्मी, जरीनाबी, रोज संध्याकाळी त्याच बाकड्यावर प्रज्ञेशच्या आईशी, म्हणजे सुशीलाबाईंशी, गप्पा मारत बसायची आणि वर आली की सुरू व्हायची.

"प्रज्ञेश म्हणजे हिरा आहे हिरा! नोकरी सांभाळून चार लोकांचं बघतो. नाहीतर तू. लॅपटॉप उघडतोस, लॅपटॉप मिटतोस."

"अम्मी, दिवाळीत तुझ्या पाठीसाठी एवढी भारी खुर्ची आणली ना मी? गॅलरीत रिकामी पडलीये ती!"

"खुर्चीवर एकटीनं बसायचं. बाकड्यावर शेजारी कुणीतरी असतं."

अरफातनं रागारागानं चहात बिस्किट बुडवलं, तेही तुटून आत पडलं.

"एवढे जळताय कशाला?" त्याची बायको शाइस्ता म्हणाली. "तुम्हीपण व्हा की मंडळात मेंबर."

"प्रज्ञेशच्या हाताखाली? मी?"

त्याच आठवड्यात अरफातनं स्वतःची संस्था काढली. 'स्नेहबंध प्रतिष्ठान.' मित्र मंडळापेक्षा प्रतिष्ठान जरा वजनदार वाटतं म्हणून प्रतिष्ठान. आणि हा नुसता अध्यक्ष नाही, संस्थापक-अध्यक्ष. सभासद गोळा करायला तो दारोदार फिरला आणि गंमत म्हणजे कुणीच नाही म्हणालं नाही. तळमजल्यावरच्या श्रीधरकाकांनी तर दार उघडल्या उघडल्या होकार दिला.

"फक्त एक आहे, मी सहवासमध्येही आहे. चालेल ना?"

"चालेल की काका."

"मीटिंगला चहाबरोबर काय?"

"वडापाव."

"मग आलोच. तिकडे नुसती बिस्किटं असतात."

असं करत करत सहवासचे झाडून सगळे सभासद स्नेहबंधमध्येही आले. अरफात खूश.

"पण तुमचं प्रतिष्ठान करणार काय?" शाइस्तानं विचारलं.

"बाकडं ठेवणार."

"अजून एक?"

"मोठं. आणि पाठ टेकायला असलेलं. त्याच्या बाकड्याला पाठ आहे का? नाही!"

रविवारी प्रज्ञेशच्या बाकड्याच्या बरोब्बर समोर, गेटच्या दुसऱ्या बाजूला, स्नेहबंधचं बाकडं आलं. अम्मीच्या हस्ते फीत कापली. अम्मी बसली, मागे टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वा! पाठीला काय आराम वाटतोय रे." अरफातला आभाळ ठेंगणं झालं. मग अम्मीनं डोळे उघडले, समोर बघितलं आणि म्हणाली, "इथून प्रज्ञेशचं बाकडं किती छान दिसतं, नाही?"

सोमवारी सकाळी पाण्याचा टँकर आला. उन्हाळा होता, रोजच यायचा. पण त्या दिवशी गेटपाशी येऊन कचकन थांबला. ड्रायव्हर बजरंगनं खाली उतरून आधी डावीकडचं बाकडं बघितलं, मग उजवीकडचं.

"सायेब, हितनं टँकर जायाचा न्हाय. दोनातलं एक हलवा. कुठलंबी हलवा, माझा काय जीव अडकलाय व्हय त्यात?"

"त्याचं हलवा," अरफात म्हणाला.

"माझं आधीपासून आहे," प्रज्ञेश म्हणाला. "आणि ते माझं नाहीच, मंडळाचं आहे. सभा घ्यावी लागेल."

"मग आम्हीही सभा घेऊ!"

"घ्या मग सभा," बजरंग म्हणाला. "मला म्होरं तीन खेपा हायत." आणि टँकर भरलेलाच परत गेला.

संध्याकाळी सातला सहवासची सभा झाली. बाकडं जागचं हलणार नाही, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. मग सगळे उठले, जिना चढून अरफातकडे आले आणि आठला स्नेहबंधची सभा सुरू झाली. तीच माणसं. तिथेही बाकडं जागचं हलणार नाही, असा ठराव एकमतानं मंजूर! वडेही संपले.

"काका," शाइस्ता कपाळाला हात लावून म्हणाली, "दोन्ही ठरावांना तुम्हीच अनुमोदन दिलंत. मग पाणी येणार कुठून?"

"तो विषय अजेंड्यावर नव्हता," श्रीधरकाका म्हणाले.

मंगळवारी टँकर परत गेला. बुधवारी टाकीनं तळ गाठला. लोक आंघोळीला हडपसरभरच्या नातेवाइकांकडे जायला लागले. श्रीधरकाकांनी दाढी करणं सोडलं. अरफात मात्र दार किलकिलं करून समोरच्या फ्लॅटकडे बघत बसायचा, कारण प्रज्ञेश ऑफिसला इस्त्रीचा शर्ट घालून, चक्क ताजातवाना जायचा. कुठे करतो हा आंघोळ? अरफातला पाण्यापेक्षा त्याचाच ताप जास्त झाला.

गुरुवारी दारावर थाप पडली. दारात अम्मी, शेजारी सुशीलाबाई, आणि दोघींच्या हातात रिकाम्या बादल्या.

"आम्ही समिती काढलीय," अम्मी म्हणाली. "बाकडं हटाव कृती समिती. मी अध्यक्षा, या सचिव."

"आणि सभासद?"

जिन्यात सगळी सोसायटी उभी होती. पुढे श्रीधरकाका.

"काका, तुम्हीपण?"

"ठराव एकमतानं झालाय," काका दाढी खाजवत म्हणाले.

सुशीलाबाईंनी समोरची बेल दाबली. प्रज्ञेश बाहेर आला. "दोघं मिळून उचलायचं. आत्ता," त्या म्हणाल्या. "एकट्याच्यानं ते हलणारही नाही."

अरफातनं एक बाजू धरली, प्रज्ञेशनं दुसरी. आधी एक बाकडं, मग दुसरं. दोन्ही पार्किंगच्या भिंतीला शेजारी शेजारी लागली. टँकर आत आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बजरंगनंही वाजवल्या.

खरं तर काम झालं म्हणजे समितीनं घरी जायला हवं. पण एकदा अध्यक्षपद मिळालेलं माणूस असं कसं जाईल? रविवारी पार्किंगमध्ये आभार सभा ठेवली. माइक, गुलाबाची फुलं, सगळं. दोन माजी भांडखोर मागे आपापल्या बाकड्यावर बसले. अम्मी माइकपाशी गेली आणि अरफात सरसावून बसला. आता तरी. आता तरी माझं नाव.

"विशेष आभार," अम्मी म्हणाली, "प्रज्ञेशचे! घामाघूम झाला पोरगा, पण बाकडं कसं अलगद नेलं."

"दुसरी बाजू मी धरली होती!" अरफात पुटपुटला.

मग सुशीलाबाईंनी माइक घेतला. "आणि मुलगा असावा तर अरफातसारखा. रोज संध्याकाळी घरात असतो. आईच्या पाठीसाठी खुर्ची आणतो. नाहीतर आमचे हे अध्यक्ष!"

अरफातनं मान वळवली. प्रज्ञेशचं तोंड एवढंसं झालं होतं.

"दिवाळीपासून ऐकतोय," प्रज्ञेश दातओठ खात म्हणाला. "खुर्ची, खुर्ची, खुर्ची! मंडळ काय मी हौसेनं काढलं का रे?"

अरफातला एवढं गार गार वाटलं की टँकरखाली उभं राहूनही वाटलं नसतं.

थोड्या वेळानं प्रज्ञेशनं हळूच विचारलं, "कुठल्या दुकानातून घेतलीस?"

"आठवत नाही बाबा," अरफात म्हणाला आणि आपल्या बाकड्याला मस्त पाठ टेकून बसला.