गप्प बसवणारा आरएनए

"चार भिंतींबाहेर एक शब्द जाणार न्हाई. जबाबदारी माझी!" पुष्पावतीनं बायकांना छातीठोक सांगितलं होतं.

जामखेडजवळच्या त्या वाडीची ती आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यकर्ती. पुण्याहून धनश्री नावाची संशोधक मुलगी पाळीतल्या भयंकर दुखण्यावर बोलायला आणि अभ्यासासाठी रक्ताचे नमुने घ्यायला आली होती. बायकांची अट एकच, पुरुषांना पत्ता लागता कामा नये. पुष्पावतीनं समाजमंदिराची दारं लावली, खिडक्या लावल्या, फटींत पेपर कोंबले. आणि मागं बसलेल्यांना ऐकू यावं म्हणून माईक सुरू केला! मशिनीला बटणं दोन. तिनं दोन्ही दाबली. दुसरं होतं देवळावरच्या भोंग्याचं!

धनश्री सोपं करून सांगू लागली, "या आजारात गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो. एंडोमेट्रिओसिस म्हणतात त्याला. आपल्या पेशींत आरएनए नावाचे रेणू असतात. काही आरएनए प्रथिनं बनवायचा निरोप नेतात. काही मात्र स्वतः काहीच बनवत नाहीत. कुणी काम करायचं, कुणी गप्प बसायचं, तेवढं ठरवतात. या आजारात त्यांचंच गणित बिघडलेलं दिसतं. ते रक्तात ओळखता येईल का, हे आम्ही शोधतोय."

"अगं बया!" पुष्पावतीनं माईक ओढला. "म्हंजे आमच्या सासूबाईच की! इकडची काडी तिकडं करायच्या न्हाईत, पन घरात कोन बोलनार आन् कोन गप बसनार, ते त्याच ठरवनार!"

बायका अशा हसल्या की पत्रे थरथरले. मग काय, पुष्पावतीला चेव आला! चौदा वर्षांचं दुखणं तिनं भडाभडा ओतलं. ती कण्हायला लागली की नवरा श्रीमंत टीव्हीचा आवाज कसा वाढवतो, तेही सांगितलं. आणि धड तपासणी न करता सोमवारी पिशवी काढून टाकायचं सासूनं कसं ठरवलंय, तेही!

तेवढ्यात दारावर धडाधड थापा. माईक हातात घेऊनच पुष्पावतीनं दार उघडलं. बाहेर उपसरपंच कारभारी, घामानं निथळलेले.

"पुष्पे, बंद कर! भोंगा चालू हाय! अख्खं गाव ऐकतंय!"

पुष्पावतीनं दुसऱ्या बटणाकडं बघितलं. "किती ऐकलं?"

"सगळं! श्रीमंत पारावर तोंड लपवून बसलाय!"

क्षणभर तिला वाटलं, जमीन दुभंगावी. मग पोटात नेहमीची कळ आली, आणि तिला एकदम रागच आला. चौदा वर्षं तिनं गप्प राहायचं, आणि तोंड लपवायचं त्यानं?

"सगळं ऐकलं ना? मग ऱ्हायलेलं पन ऐका!" ती माईकमध्ये गरजली. "सोमवारी मी ऑपरेशनला जानार न्हाई! आधी मोठ्या दवाखान्यात नीट तपासनी हुईल. आन् श्रीमंतराव, सोबत तुमी येनार!"

कारभारी मागं सरकले, ते थेट छबूबाईंवर आदळले. पुष्पावतीची सासू! काठी टेकत आत येणाऱ्या छबूबाईंना बघून बायकांनी डोक्यावर पदर ओढले. धनश्रीनं रक्तासाठी आणलेल्या रिकाम्या नळ्या घाईघाईनं पदराआड घेतल्या.

"आन इकडं तो माईक," छबूबाई म्हणाल्या.

पुष्पावतीनं दिला.

"सून बोलली ते खरं हाय. मी गप बसवते. मला बी असंच गप बसवलं हुतं. तिशीच्या आत पिशवी काढली माझी, पन दुखनं काय गेलं न्हाई. कुनी इचारलं बी न्हाई." त्यांनी काठी आपटली. "सोमवारचं रद्द! आन् पोरी, पयलं रगत माझं काढ!"

पुष्पावतीनं पदरानं डोळे पुसले. धनश्री चाचरत म्हणाली, "आजी, अभ्यासात पंचेचाळिशीपर्यंतच्याच बायका घेतोय..."

"मग पंचेचाळीस लिही की! हाय मी सदुसष्टची, पन आधार कार्डावर माझं वय तसं बी चुकीचंच हाय!"

भोंग्यातून ते तीन वाड्यांनी ऐकलं. छबूबाईंनी तोऱ्यात बटव्यातून कार्ड काढून धनश्रीच्या हातात ठेवलं. धनश्रीनं कार्डावरच्या जन्मसालावरून हिशेब केला.

खरं वय सदुसष्ट. कार्डावर ब्याऐंशी!