निकेशचा चांगला पाय

चार तासांत पंचवीस किलोमीटर चालायचं, एवढंच काय ते उरलं होतं. वनरक्षकाच्या भरतीत निकेश लेखी परीक्षा पास झाला होता, धावणंही निभावलं होतं. "चालणं बी का परीक्षा असते?" असं तो आरमोरीच्या चहाटपरीवर भेटेल त्याला ऐकवायचा. "आपण तं पायी चालतच मोठे झालो!"

चाचणीला दहा दिवस असताना, सराव करता करता, घड्याळाकडे बघत तो धानाच्या बांधीत उतरला. म्हणजे डावा पाय उतरला, बाकीचा निकेश रस्त्यावरच राहिला. घोटा टम्म सुजला आणि निकेशची भूक पळाली. पुढच्या वर्षी त्याचं वय भरतीच्या अटीबाहेर जाणार होतं. चाचणीला जाताना डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला लागत होता, आणि हा असला पाय बघून दाखला कोण देणार?

त्याचा मित्र संघपाल कबड्डीत घोटा मोडून घेतलेला, त्यामुळे या विषयातला जाणकार.

"दवाखान्यातली डॉक्टर मॅडम टाच धरून पुढं ओढते," त्याने सांगितलं. "दोन्ही पायांची. किती सरकली ते यंत्रावर मोजते. दुखरा पाय जास्त सरकला म्हंजे आतलं लिगामेंट गेलं. मंग दीड महिना घरी."

"अन् दोन्ही सारखेच सरकले तं?"

"मंग तुयी ठेवणच तशी, म्हनते. सोडून देते."

संघपालच्या गाडीवर मागे बसून घरी येईस्तोवर निकेशची योजना तयार झाली. दाखल्यासाठी चार दिवसांनी दवाखान्यात जायचं होतं, तेवढ्यात दुखरा पाय घट्ट होणं शक्य नव्हतं. पण चांगला पाय सैल करणं तर आपल्या हातात होतं!

शेजारच्या अंजनाबाई पायाळू. जन्मतानाच पाय पुढे करून आलेल्या, त्यामुळे त्यांचा पाय लागला की उसण, लचक पळते अशी त्यांची ख्याती. निकेशने त्यांच्यापुढे उजवा पाय लांब केला.

"बाई, हा जरा सैल करून द्या."

"सुजला तं डावा हाय ना रे?"

"हो. पण दोन्ही जुळवाचे हायेत."

अंजनाबाईंना काही कळलं नाही, पण दारी आलेला पाय त्यांनी आजवर परत पाठवला नव्हता. मोहाच्या बियांचं तेल गरम झालं. भिंतीचा आधार घेऊन त्या घोट्यावर सगळा भार टाकून उभ्या राहिल्या. टाच ओढायला संघपाल होताच. असं तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. निकेश कळवळला की बाई समाधानाने म्हणायच्या, "निघून राह्यली लचक." तिथे लचक नव्हतीच, हे सांगायला त्याच्यात दम उरत नसे. तिसऱ्या संध्याकाळी घोट्यात कट्‌ असा आवाज झाला. निकेशला घाम फुटला, पण काम झालं म्हणून मनातून बरंही वाटलं.

दवाखान्यात दिव्यानी मॅडमनी दोन्ही टाचा ओढल्या. यंत्राच्या आकड्याकडे निकेश दहावीच्या निकालाकडे बघावं तसा बघत होता. डावा, तीन मिलिमीटर. उजवा, नऊ. मॅडमनी पुन्हा मोजलं. पुन्हा नऊच.

"डावा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "नुसती सूज आहे, चार दिवसांत उतरेल. आरामात चालाल. पण उजव्याचं लिगामेंट फाटलंय. हा कधी मुरगळला?"

"मुरगळला नाई," निकेश कसाबसा म्हणाला.

"मग?"

"मुरगळून घेतला," संघपाल म्हणाला. "तीन दिवस. रोज दोनदा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून त्यांना हसू आवरेना, पण निकेशचे डोळे भरलेले दिसले तसं त्यांनी ते गिळलं.

"मॅडम, ह्या वर्षी नाई तं कधीच नाई."

"सहा आठवडे पट्टा बांधावा लागेल. दाखला देते, पुढची तारीख मागून बघा. पण इजा कशानं झाली ते लिहावं लागतं."

"बांधीत पडला म्हना," संघपालने सुचवलं.

"तो डावा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी खरं तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयात निकेश दाखला पुढे करून उभा होता. साहेबांनी दाखला वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. 'इजा: उजवा घोटा. कारण: डावा घोटा दुखत असल्यामुळे.'

"लिहिण्यात चूक झाली काय हो?"

"नाई साहेब," निकेश खाली बघत म्हणाला. "चूक माह्याकडून झाली."

मग त्याने सगळं सांगितलं, तेलासकट. साहेब बराच वेळ त्याच्या दोन्ही पायांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी अर्जावर दोन महिन्यांनंतरची तारीख घातली. निकेशचा जीव भांड्यात पडला. तो कागद घ्यायला पुढे झाला, तर साहेबांनी तो परत ओढला आणि लाल पेनाने खाली एक ओळ वाढवली: 'उमेदवाराने तोपर्यंत घरी कोणताही उपाय करू नये.'