बाईसाहेबांचे स्वच्छ हात

बाईसाहेबांनी हात लावला आणि काम बिघडलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. निदान बाईसाहेबांचं म्हणणं तरी तसं होतं. घरातल्या बाकीच्यांचं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं.

‘बाईसाहेब’ हे नाव नवऱ्याने चेष्टेने ठेवलेलं. त्यांनी ते मान म्हणून घेतलं आणि मग कधी खाली ठेवलंच नाही. शाळेशी त्यांची जेमतेम तोंडओळख. उंचीही बेताची, ओट्यामागे उभ्या राहिल्या की अलीकडच्याला नुसता अंबाडा दिसायचा. आवाज मात्र साऱ्या जिन्याला पुरून उरणारा.

त्या दिवसांत घरात एकच भांडण चालू होतं. डॉक्टरांनी बाईसाहेबांचं गोड बंद केलं होतं, म्हणून नवऱ्याने क्रीमच्या बिस्किटांचा पुठ्ठ्याचा खोका कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. तरी बिस्किटं कमी होतच होती.

“मला काय विचारता?” बाईसाहेब म्हणायच्या. “माझा हात तिथे पोचतो तरी का? आपण खायचं आणि नाव माझ्यावर ढकलायचं. आधी स्वतःचं पोट बघा, दिवस भरल्यासारखं दिसतंय.”

नवरा पोटाकडे बघायचा आणि सदरा खाली ओढायचा. पुरावा पुढेच लोंबत असल्यावर माणूस काय बोलणार?

सून विद्यापीठात अमिनो आम्लांवर संशोधन करायची. “आम्ल म्हणजे अ‍ॅसिडच ना?” बाईसाहेबांनी सुरुवातीला विचारलं होतं. “मग मोरी घासायला आण की बाटलीभर.” सुनेने समजावलं की ही तसली आम्लं नव्हेत. आपल्या अंगातली प्रथिनं यांचीच बनतात. डाळीत, दुधात, केसांत, नखांत, सगळीकडे ती असतात.

“सगळीकडे आहेत, तर तू इतकी वर्षं शोधतेस काय?”

सुनेकडे उत्तर होतं. एका रानटी शेंगेच्या बियांत तिला एक निराळंच अमिनो आम्ल सापडलं होतं, कुठल्याच प्रथिनात नसणारं. बाहेरगावचे परीक्षक ते बघायला येणार होते. त्यांच्या डोळ्यांना ते दिसलं तर पदवी. नाही दिसलं, तर पुन्हा बिया, पुन्हा त्यांचा रस, सगळं पहिल्यापासून.

अशा दिवशी बाईसाहेब घरी कशा बसतील? कडक इस्त्रीचे कपडे करून त्या सुनेआधी दारात उभ्या राहिल्या.

प्रयोगशाळेत शिरताच त्यांनी नाक मुरडलं. “काय हा पसारा. आणि हे काय, कागद धुऊन वाळत घातलेस होय गं?”

भिंतीलगत दोन दोऱ्या होत्या, एकीच्या वर दुसरी. खालच्या दोरीला तीन मोठे पांढरे कागद चिमट्यांनी लटकत होते, वरच्या दोरीला एक.

“आई, यांच्यातच सगळं आहे,” सून म्हणाली. “खालच्या कडेला बियांच्या रसाचे थेंब दिलेत. कागद रात्रभर द्रावणात उभे होते. द्रावण कागदात वर चढतं आणि अमिनो आम्लांनाही वर नेतं. कोणी भरभर चढतं, कोणी मागे राहतं. आत्ता दिसत नाहीत. फवारा मारून गरम केलं की जांभळे ठिपके उठतात.”

“म्हणजे सध्या कोरेच.”

“कोरे दिसतात. कशाला हात लावू नका हं आई. मी परीक्षकांना घेऊन येते.”

हात लावू नका! हे सांगायचं ते चिकट हातांच्या माणसांना. बाईसाहेबांनी बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, स्वच्छ रुमालाने कोरडे केले. मग त्या कागदांकडे वळल्या. कडा पार मुडपल्या होत्या. बाहेरचा माणूस येणार, आणि घरच्या सुनेचे कागद असे चुरगळलेले? तो काय म्हणेल? नाव कोणाचं जाईल?

एक तळवा मागून, एक पुढून, असं करत त्यांनी तिन्ही कागद वरपासून खालपर्यंत दाबून सरळ केले. चौथ्यापाशी मात्र हात पोचेना. चवड्यावर उभ्या राहिल्या, तरी नाही. “इतक्या उंचावर कोण वाळत घालतं?” असं त्यालाच खडसावून त्या स्टुलावर जाऊन बसल्या, जणू सकाळपासून तिथेच होत्या.

परीक्षक आले. उंच, बारीक, चष्मा कपाळावर. सुनेने पहिल्या कागदावर फवारा मारला, तो तापलेल्या पेटीत ठेवला, थोड्या वेळाने बाहेर काढला.

कागदावर जांभळा पंजा उठला होता. पाची बोटं, तळव्यावरच्या रेषा, सगळं ठसठशीत. बियांचे ठिपके त्याच्या खाली कुठेतरी चिरडले गेले होते.

सुनेचा चेहरा कागदापेक्षा पांढरा पडला. दुसरा कागद काढला. पंजा. तिसऱ्यावर दोन.

“याला कोणी हात लावला?” परीक्षकांनी विचारलं.

दारात उभा असलेला प्रयोगशाळेचा मदतनीस पुढे आला आणि त्याने न विचारताच आपला हात दाखवला. तो हात म्हणजे फावडंच. “साहेब, माझा असता तर कागद उरला नसता.”

“खरं आहे. हा फारच छोटा आहे.” परीक्षकांनी चष्मा नाकावर आणला. “इथे एखादं लहान मूल आलं होतं का?”

हे ऐकून बाईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“लहान मूल? अहो, नातवंडं खेळवायचं वय माझं. माझे हात आहेत ते. साबणाने धुतलेले! तुमचाच फवारा घाण असेल.”

सुनेने डोळे मिटले.

“आजी, हात स्वच्छच असणार,” परीक्षक हळूच म्हणाले. “पण घामातही अमिनो आम्लं असतात. कितीही धुवा, बोट टेकलं की ती कागदावर राहतातच. पोलीस याच फवाऱ्याने कागदावरचे जुने ठसे काढतात.” मग ते सुनेकडे वळले. “एखादा तरी कागद वाचलाय का?”

सुनेने वर बघितलं. मग सासूबाईंकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि पायापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. तिच्या तोंडावर हळूहळू रंग आला.

“आहे, सर. वरच्या दोरीचा.”

चौथ्या कागदावर ठिपक्यांची सुरेख ओळ उठली, आणि सगळ्यांपासून फटकून, जिथे दुसरं कोणी नव्हतं अशा जागी, तो निराळा ठिपका. परीक्षक बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मग म्हणाले, “अभिनंदन.”

संध्याकाळी घरी सगळी हकिकत ऐकून नवरा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. “म्हणजे बाईसाहेब, पदवी मिळाली ती तुमच्या उंचीमुळे!”

“मिळाली ना? मग झालं तर,” बाईसाहेब फणकारल्या.

“आईंचे पंजे आता चौकटीत घालून प्रयोगशाळेच्या दारावर लावणार आहेत,” सून म्हणाली. “खाली लिहिणार, ‘हातमोजे घाला’.”

नवरा डोळे पुसता पुसता मध्येच थांबला. “काय गं, हा फवारा पुठ्ठ्यावरही चालतो का?”

“चालतो की बाबा. बाटलीत उरलाय थोडा, उद्या आणते.”

बाईसाहेब काहीच बोलल्या नाहीत. हे फार दिवसांनी घडत होतं, म्हणून दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघं फिरायला म्हणून बाहेर पडली, आणि छत्री विसरली म्हणून कोपऱ्यावरूनच परत आली.

स्वयंपाकघरात कपाटाला शिडी लावलेली होती. वरच्या पायरीवर बाईसाहेब, काखेत खोका. खोका फेकायचा, तर आतलं अन्न वाया कसं घालवायचं, हा प्रश्न त्यांनी आपल्या परीने सोडवत आणला होता.

“बाईसाहेब,” नवरा खालून म्हणाला, “तुमचा हात तिथे पोचत नाही ना?”

“जळमटं काढतेय,” त्या म्हणाल्या. तोंड भरलेलं असल्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही.