दोन मिनिटं तीन सेकंद

टेलरमास्तरांनी मोटारसायकल विकायला काढली त्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता ते तिच्यावर बसले आणि पावणेबारापर्यंत त्यांना खाली उतरता आलं नाही.

ही मोटारसायकल रस्त्यावर चालवायची नव्हतीच. शहराबाहेरचा शर्यतींचा ट्रॅक महिन्यातून एक दिवस हौशी लोकांसाठी उघडा असे. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपली गाडी न्यायची, गोल गोल फिरवायची आणि एका फेरीला किती वेळ लागला ते फळ्यावर बघायचं. मास्तर सहा वर्षं न चुकता जात होते आणि सहा वर्षं न चुकता त्यांच्या नावापुढे एकच आकडा येत होता: दोन मिनिटं तीन सेकंद. टायर नवे असोत की जुने, हवा गार असो की गरम, दोन-तीन म्हणजे दोन-तीन. दोन मिनिटांच्या आत येणारी मंडळी दुपारी एका लांब टेबलावर एकत्र डबा खायची. तसा नियम नव्हता, पाटीही नव्हती. पण दोन मिनिटांच्या वरचा माणूस त्या टेबलावर बसलेला कुणी पाहिला नव्हता. मास्तर शेजारच्या टेबलावर, त्या टेबलाकडे तोंड करून जेवायचे. एकदा तरी तिथे बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दोष गाडीचा होता, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गाडी वळणात डोलते, ब्रेक उशिरा लागतो, वळणातून बाहेर पडताना भलतीकडेच जाते, हे ते रोज रात्री जेवताना बायकोला ऐकवत. अंगणाची ती म्हण कितीदा तरी बायकोच्या ओठांवर येऊन परत गेली होती. ती वाचनालयात नोकरीला होती आणि वाचनालयाचाच नियम तिने घरात लावला होता: पहिलं परत आल्याशिवाय दुसरं मिळणार नाही. कपाट असो, कढई असो की मोटारसायकल. शोरूममध्ये मास्तरांच्या मनातल्या मॉडेलची शेवटची गाडी शिल्लक होती. शोरूमवाल्याने ती रविवारी बारापर्यंत राखून ठेवली होती, त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. म्हणजे बाराच्या आत जुनी विकली जायला हवी होती, आणि जुनी बघायला अकरा वाजता एक बाई येणार होत्या.

कपड्यांवरून माणसाची पारख होते, हे मास्तरांनी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. म्हणून त्यांनी ट्रॅकवरचा चामड्याचा अंगभर सूट चढवला, गाडी गॅरेजमधून काढली, वर बसले आणि उतारावरून सरकत इमारतीच्या आवारात मधोमध आणून उभी केली. तिथे उजेड चांगला होता. गाडी गिअरमध्ये टाकून ते उतरायला गेले, आणि डावा पाय सवयीने स्टँड शोधू लागला. स्टँड नव्हता. तो त्यांनीच दोन वर्षांपूर्वी काढून टाकला होता. गाडीचं वजन त्याने पाऊण किलोने कमी झालं होतं. फळ्यावरचा आकडा मात्र तोच राहिला होता.

स्टँड नसलेली गाडी उभी करायला मागचं चाक उचलून धरणारा एक लोखंडी घोडा लागतो. तो गॅरेजमध्ये असायला हवा होता. मास्तरांनी मान वळवली. आवाराच्या भिंतीला त्या दिवशी रंग लावायचं काम चाललं होतं, आणि घोडा रंगाऱ्याच्या फळीखाली होता. फळीवर तीन डबे आणि डब्यांवर रंगारी.

"अहो, तो घोडा माझा आहे!"

"गॅरेज उघडं दिसलं, म्हणून घेतला," रंगारी म्हणाला. "लई मजबूत आहे."

"मला तो आत्ता पाहिजे."

"एवढा कोपरा झाला की देतो. आता हलवला तर डब्यांसकट मी खाली."

"मग गाडी जरा भिंतीला टेकवतो."

"मास्तर, भिंत ओली आहे," रंगारी दुखावल्या आवाजात म्हणाला. "दुसरा हात आहे हो तिचा."

गाडी परत चढावर ढकलत न्यायची तर खाली उतरावं लागत होतं. सुरू करून न्यायची तर बॅटरी गॅरेजात चार्जिंगला लावलेली. आडवी करायची तर एका बाजूचं पत्र्यासारखं चकचकीत प्लास्टिक फुटलं असतं, आणि पावणेदोनशे किलो वजन पुन्हा उभं करायला चार माणसं लागली असती. रंगारी मदतीला यायला निघाला, तेव्हा मास्तरांनीच त्याला थांबवलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे होते. मास्तर आकाशाकडे बघत बसून राहिले. चामड्याच्या सूटला खिसा नसतो, त्यामुळे फोनही वर घरात होता, आणि घराची खिडकी बंद असल्याने हाक वर पोचत नव्हती.

अकरा वाजता बाई आल्या. पस्तिशीच्या, हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी. हॉस्पिटलमध्ये व्यायामोपचार करायच्या, म्हणजे लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे चालते करायच्या.

"वा, तयारीत बसलात की!" त्या म्हणाल्या.

"हो, म्हटलं तुम्हाला बसलेली कशी दिसते ते कळावं," मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकासमोर आपल्याच गाडीवरून उतरता येत नाही, हे सांगायचं कसं? त्यांनी टाकीवर हात फिरवला. "लोण्यासारखी चालते हो. वळणात तर अशी बसते, जणू रस्ता तिच्यासाठीच वळवलाय."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली आणि कानाला फोन लावलेली बायको बाहेर डोकावली.

"अहो! शोरूमवाल्यांचा फोन आहे. विचारतायत, जुन्या गाडीला काय त्रास होता? म्हणजे नवीमध्ये ते आधीच बघून देतील."

"काही नाही म्हणून सांग!"

"काही नाही कसं?" बायको चकित झाली. "थांबा, तुम्हाला आठवत नसेल. मीच सांगते." आणि वाचनालयातल्या बाईची स्मरणशक्ती ती, खिडकीतच उभी राहून, आवारात सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगायला सुरुवात केली. "हं, लिहून घ्या. वळणात म्हशीसारखी डोलते. ब्रेक मनात आलं तर लागतो. वळणातून बाहेर पडताना कुंपणाकडे ओढते. गेल्या महिन्यात हे तिला मढं म्हणाले होते. नाही, मढं. त्याच्या आधी खाट."

रंगाऱ्याने ब्रश थांबवला. मास्तरांना सूटच्या आत घाम फुटला आणि तो थेट बुटांपर्यंत गेला. बाई मात्र बोटांवर एकेक दोष मोजत होत्या.

"लोण्यासारखी चालते म्हणालात ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... लोणी कधीकधी घट्टही असतं," मास्तर म्हणाले.

दुसरी कुणी असती तर तिथूनच परत गेली असती. या बाई गाडीच्या मागे गेल्या आणि खाली बसल्या. दवाखान्यात पेशंटचा गुडघा बघताना बसत असतील, तशा.

"गाडी पहिल्यापासून तुमचीच?"

"नाही, दुसऱ्याकडून घेतली. सहा वर्षं झाली."

"त्याचं वजन किती असेल?"

"फार तर साठ किलो. त्याची पँट मी शिवली होती, अठ्ठावीस कंबर."

"आणि तुमचं?"

मास्तरांनी घसा साफ केला. "आता या सूटमध्ये नक्की असं—"

"शहाऐंशी!" खिडकीतून आवाज आला.

"मागच्या स्प्रिंगला कधी हात लावलात?"

"तिला कशाला हात लावायचा?"

बाईंनी मान हलवली. "गाडीवर माणूस बसला की मागची बाजू किती दबते ते बघायचं असतं. सव्वा इंच दबली पाहिजे. जास्त दबली तर डोलते आणि वळणात बाहेर पळते. ते मोजायला माणूस असा संपूर्ण सूट घालून गाडीवर बसलेला लागतो. तेव्हा उतरू नका."

"मला उतरता येतच नाहीये," मास्तर शेवटी म्हणाले.

"मग फारच छान. टेप आहे?"

टेलरच्या घरात टेप नाही असं होत नाही. बायकोने वरून टाकलेला टेप रंगाऱ्याने हिरव्या हाताने झेलला. आधी मास्तर बसलेले असताना माप घेतलं. मग बाईंनी आणि रंगाऱ्याने दोन बाजूंनी गाडी धरली, हिरव्या हातांकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं, आणि मास्तर सव्वा तासाने जमिनीवर आले. त्यांचा उजवा पाय त्यांच्याबरोबर आलाच नाही. तो बधिर झाला होता. मोकळ्या गाडीचं माप त्यांनी एका पायावर उभं राहून स्वतः वाचलं आणि वजाबाकी केली.

"सव्वादोन इंच," ते हळूच म्हणाले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगाला कपडे बेतून देणारा माणूस सहा वर्षं अठ्ठावीस कंबरेच्या माणसाच्या मापाची गाडी चालवत होता. कापड असतं तर पहिल्याच दिवशी उसवलं असतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांना फार लाज वाटली.

बाईंनी सीट काढली. खाली गाडीबरोबर आलेल्या हत्यारांची पुडी होती, सहा वर्षांत एकदाही न उघडलेली. तिच्यातल्या वाकड्या पान्याने त्यांनी स्प्रिंगची कडी सहा खाचा फिरवली. मग ब्रेकच्या दांडीजवळचं एक बारीक चाक फिरवून ती दांडी मास्तरांच्या आखूड बोटांजवळ आणली. तिथे चाक आहे हेही मास्तरांना माहीत नव्हतं.

"बसा आता."

मास्तर बसले. गाडी त्यांच्याखाली मुकाट, घट्ट उभी राहिली.

"अहो, बारा वाजले! हो म्हणू की नाही?" खिडकीतून विचारणा झाली.

"नाही म्हण! गाडीत काही दोष नाही!"

"मग मी घेते की," बाई म्हणाल्या.

"ताई, आता विकायची नाही."

बाई पान्याकडे आणि मास्तरांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मास्तरांनी बाईंचा ट्रॅकचा सूट मापात करून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे त्या हसल्या.

आठवडाभर मास्तर खुशीत होते. येईल त्या गिऱ्हाइकाला त्यांनी सव्वा इंचाची गोष्ट सांगितली. शनिवारी दुपारी दुकान बंद करून ते गॅरेजमध्ये गाडी पुसायला गेले. पुसता पुसता त्यांच्या डोक्यात एक विचार आला आणि फडक्यासकट त्यांचा हात थांबला. उद्या ट्रॅकचा दिवस. गाडी आता बिनदोष. आणि उद्याही फळ्यावर दोन-तीन आलं तर?

सहा वर्षं ते त्या लांब टेबलाशेजारी जेवू शकले, कारण दोष गाडीचा होता. तो गेला तर मागे कोण उरतं? मास्तरांनी गॅरेजच्या दारातून बाहेर बघितलं, आवारात कुणी नव्हतं. मग ते खाली वाकले, पाना लावला आणि कडी उलट फिरवली. एक, दोन, तीन, मोजून सहा. ब्रेकचं चाकही पहिल्या जागी नेलं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

रविवारी गाडी छान डोलली. दोन मिनिटं तीन सेकंद. मास्तर समाधानाने डबा खाऊन घरी आले.

"किती?" बायकोने दारातच विचारलं.

"दोन-तीन. गाडीच तशी आहे गं. वय झालं तिचं. त्या ताईंचाही अंदाज चुकला."

बायको नेहमीसारखी हसली नाही. उलट तिचे डोळे भरून आले.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "म्हणून मी दुपारी दोन फोन केले. त्या ताई उद्या जुनी गाडी घेऊन जातायत. आणि शोरूमवाल्यांचं ते दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही. नवी गाडी मंगळवारी येतेय."

"अगं, पण मी तर नाही म्हटलं होतं!"

"तुम्ही म्हणाल हो. आजवर मी तुमच्या गाडीपुराणाची चेष्टाच केली. पण काल दुपारी चादर झटकायला खिडकीत आले, तर गॅरेजच्या उघड्या दारातून दिसलं, तुम्ही त्या गाडीपाशी वाकून, घामाघूम होऊन, तो पाना घेऊन खटपट करत होतात. एवढा जीव लावून! मला कसंतरीच झालं. म्हटलं, या माणसाला अजून किती झटायला लावायचं?"

मास्तरांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं एकही वाक्य बायकोच्या भरल्या डोळ्यांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला आणि तिने तो त्यांच्या हातात दिला. शोरूमवाला होता.

"अभिनंदन मास्तर! गाडी तयार आहे."

"हो का," मास्तर म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी आशेने विचारलं, "तिच्यात काही... म्हणजे बारीकसारीक दोष असतीलच ना? शेवटचीच उरली होती म्हणून म्हणतो."

"दोष? शोधून सापडणार नाही! आणि आमचा माणूस स्वतः येऊन सगळं तुमच्या मापाला बसवून देईल. तुम्हाला कशालाच हात लावायला नको."

मास्तरांनी फोन खाली ठेवला. बायको डोळे पुसत, कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती.

"काय म्हणाले?"

"एकही दोष नाही म्हणतो," मास्तर म्हणाले, आणि खुर्ची ओढून सावकाश खाली बसले.